लुगड्याचे आयुष्य

कपडा फाटला म्हणजे तो टाकून द्यावयाचा असतो, ही कल्पना आमच्या लहानपणी आमच्या गावातील कोणाच्याही मनास शिवली नव्हती. फाटणे ही कपड्याच्या आयुष्यातील एक पायरी समजली जाई. नवे लुगडे चार-सहा वर्षांनी दंडाचे होई. दंडाच्या लुगड्याचे धडपे होई. धडप्यातून मुलीचा परकर निघे, तान्ह्या बाळाची दुपटी आणि बाळोती निघत. त्यातून उरलेले वाकळेत जाई. आणि वाकळही जीर्ण झाली की तिच्या चिंध्यांची घागरीखालची चुंबळ, चुलीजवळचे पोतेरे नाही तर देवळातला काकडा होई. एका कापडाचा हा प्रवास वीस-पंचवीस वर्षे चाले. तो आम्ही मुले डोळ्यांनी पाहत असू, पण त्यात नवल असे काही आहे हे आम्हांला तेव्हा वाटत नसे.

आमचे गाव माणदेशातले. सातारा जिल्ह्यातील माण, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा माणगंगेच्या खोऱ्यातील मुलूख माणदेश या नावाने ओळखला जातो. पश्चिमेस सह्याद्रीच्या शिखरांवर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता रिता होतो आणि आमच्या वाट्यास त्याची केवळ शिंतोडी येते. मी सांगतो आहे तो काळ १९६५ ते १९७५ या दहा वर्षांचा. शेतात बाजरी आणि ज्वारी पिके, गोठ्यात दूध निघे, परड्यात चार भाज्या होत. तेव्हा पोटासाठी रोख पैसा फारसा लागत नसे. कापूस मात्र आमच्या माळावर होत नसे. कापड घ्यावयाचे तर पैसेच मोजावे लागत, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून एकदा, सुगी झाल्यावर येई. कापडाविषयी आमच्या घरांत एवढी काळजी का होती, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

याला अपवाद घोंगडीचा. धनगरांच्या कळपांतील मेंढरांची लोकर कातरून तिचे सूत निघे आणि सणगर ते मागावर विणीत. विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्यांची खळ देत. त्यामुळे ती ताठ व दणकट होई. थंडीत ती पांघरूण, बसावयास आलेल्या पाहुण्यास ती बैठक, आणि पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेतली की राखणीवरचा माणूस दिवसभर शेतात उभा राहू शके. घोंगडी सहसा धूत नसत, म्हणून या लेखात तिला याहून अधिक जागा देता येत नाही.

कापडखरेदी हा घरातील एक मोठा समारंभ असे. सुगी आटोपली की वडील आणि आबा, म्हणजे आमचे आजोबा, म्हसवडच्या बाजाराला जात. दुकानदार लोखंडी गजाने कापड मोजून देई. वास्तविक दशमान मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने देशात लागू झाली होती आणि आम्ही शाळेत मीटर-सेंटिमीटरचीच गणिते सोडवीत होतो. पण लुगडे नऊ वारांचे, ते सव्वाआठ मीटरांचे म्हणावे असे कोणालाच वाटले नाही. आणलेले कापड आजीपुढे ठेवले जाई. ती ते दोन्ही हातांच्या चिमटीत धरून चोळी. पांढरी भुकटी झडली की कापडात खळ फार आणि सूत कमी, हे ती ओळखी. मग उजेडाकडे धरून वीण पाही. तलम कापडाला तिच्याजवळ मान नव्हता. "ह्ये बघायला चांगलं, धुण्याला न्हाई," असे म्हणून ती ते बाजूला सारी, आणि ते बदलून आणण्यासाठी वडिलांना पुढील बाजारी पुन्हा जावे लागे.

आम्हा मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले जात. शिंपी माप घेई तेव्हा आजी शेजारी उभी असे आणि त्याने सांगितलेल्या प्रत्येक मापात चार बोटे वाढवून घेई. त्यामुळे पहिल्या वर्षी सदरा गुडघ्यापर्यंत लोंबे, दुसऱ्या वर्षी अंगाला नीट बसे आणि तिसऱ्या वर्षी तो धाकट्या भावाचा होई. माझ्या बहिणीच्या परकराला खालच्या अंगास तीन आडव्या दुमडी घातलेल्या असत. दर वर्षी दिवाळीला त्यांतील एक दुमड उसवली की परकर चार बोटे लांब होई. बाकीचा परकर उन्हाने व धुण्याने विटलेला असे. दुमडीत दडलेली पट्टी मात्र दुकानातून आणल्या दिवशीच्या रंगाची निघे. झाडाच्या खोडातील वलये मोजून जसे त्याचे वय सांगता येते, तसे त्या गडद पट्ट्यांवरून माझ्या बहिणीचे वय सांगता आले असते. मी एकदा तसे बोललो म्हणून तिने माझी पाटी दोन दिवस लपवून ठेवली होती.

आता 'दंड' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कारण हा शब्द आज वापरातून जवळजवळ गेला आहे. नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून शेतात काम करणाऱ्या बाईचे लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसता-उठता जेथे घासते तेथे ते आधी विरते. काठ आणि पदर शाबूत राहतात. असा विरलेला भाग आडवा कापून काढावयाचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांस बारीक टाक्यांनी जोडावयाचे, याला दंड घालणे म्हणत. ही शिवण इतकी सपाट यावी लागे की अंगास ती टोचू नये आणि निऱ्यांत दिसू नये. माझ्या आईचा हात यात फार चांगला होता. शेजारच्या बायका आपली लुगडी तिच्याकडे घेऊन येत आणि उलट तिचे दळण दळून देत. परंतु दंड घातला की लुगडे हात-दीड हात आखूड होई. पहिल्या दंडाने नवाचे साडेआठ वार, दुसऱ्याने आठ, तिसऱ्याने त्याहून कमी. आणि सात वारांच्या खाली आले की त्यात काष्टा नीट बसत नाही. ते लुगडे मग धडपे म्हणून घरात नेसावयाचे. हा हिशेब पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून विस्ताराने सांगितला.

कपड्याचे आयुष्य जसे शिवणीवर, तसे ते धुण्यावरही अवलंबून असे. आमच्या विहिरींचे पाणी जड होते. त्यात चुना आणि तत्सम क्षार अधिक असल्याने डाळ लवकर शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. उलट साबणाचा चोथा होऊन तो कपड्यावर चिकटून बसे. म्हणून धुणे नदीवर जाई. माणगंगा वर्षातील बराच काळ कोरडी दिसते, पण तिच्या वाळूखाली पाणी असते. बायका वाळूत हातभर खोल खळगा करीत. थोड्या वेळाने त्यात स्वच्छ पाणी पाझरून येई. याला आम्ही झरा म्हणत असू. ते पाणी विहिरीच्या मानाने हलके असे.

साबणाचा लांब बार किराणा दुकानात मिळे. '५०१' या आकड्याने ओळखला जाणारा बार आमच्याकडे प्रसिद्ध होता. दुकानदार तो तारेने कापून हवा तेवढा तुकडा देई. तो तुकडा वडिलांचे धोतर, टोपी आणि आमचे शाळेचे सदरे यांच्यासाठी राखलेला असे. बाकीच्या कपड्यांना धुण्याचा सोडा, चुलीतली राख किंवा हिंगणबेटे. हिंगण हे आमच्या माळावरचे काटेरी झाड. त्याच्या फळाचा गर पाण्यात चोळला की रिठ्यासारखा फेस येतो. रिठ्यात आणि हिंगणबेटात फेस आणणारे द्रव्य एकाच जातीचे आहे, हे मी पुढे पुस्तकात वाचले. आमच्या आजीला पुस्तकाची गरज पडली नव्हती. रंगीत लुगड्याला ती सोडा कधी लावू देत नसे. सोड्याने मळ जातो, पण रंगही जातो आणि सूतही मरते, असे ती म्हणे, आणि ते खरे आहे.

पांढऱ्या कपड्यांचे शेवटचे पाणी निळीचे. यातील युक्ती विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. पांढरे सूत जुने झाले की पिवळट पडते. त्यावर निळ्या रंगाची अगदी पुसट छटा चढविली की पिवळेपणा डोळ्यांस जाणवत नाही आणि कापड अधिक पांढरे भासते. वास्तविक आपण ते शुभ्र करीत नसून त्यावर आणखी एक रंग चढवीत असतो. पूर्वी नीळ वनस्पतीपासून काढीत; तिच्याच सक्तीच्या लागवडीविरुद्ध गांधीजींनी १९१७ साली चंपारण्यात सत्याग्रह केला. आमच्या पुडीतली नीळ मात्र त्या झाडाची नव्हती, कारखान्यात केलेली खनिज जातीची भुकटी होती. ती फडक्यात बांधून पाण्यात हलवावी लागे. नीळ थेट पाण्यात टाकली तर कपड्यावर ठिपके उठत, आणि टोपीवर निळे ठिपके घेऊन शाळेत आलेल्या मुलाला दिवसभर कोणी सुखाने बसू देत नसे.

इस्त्रीचे काम पितळी तांब्या करी. त्यात चुलीतले निखारे भरावयाचे, तोंडाला फडके गुंडाळून धरावयाचे आणि तांब्याचा तापलेला बुडखा कपड्यावरून फिरवावयाचा. निखारा फार झाला तर सदऱ्यावर तांब्याच्या बुडाएवढे तांबूस वर्तुळ उमटे. त्यापेक्षा घडी घालून रात्री अंथरुणाखाली ठेवणे बरे, असे आम्हा भावंडांचे मत होते.

मोठे आणि शुभ्र कपडे परिटाकडे जात. परीट हा बारा बलुतेदारांतील एक. वर्षभर धुणे धुवावयाचे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन धान्याचा वाटा घ्यावयाचा, अशी जुनी रीत. आमच्या लहानपणी ती मोडत आली होती, तरी आमच्या गावात शिल्लक होती. आमच्या परिटाला आम्ही तात्या म्हणत असू. तो गाढवावर मोटा लादून नदीवर नेई. सोड्याच्या पाण्यात बुचकळलेले कपडे तो भट्टीवर चढवी. खाली चुलवणावर मोठे भांडे, त्यात उकळते पाणी, आणि वर रचलेल्या कपड्यांत रात्रभर मुरणारी वाफ. पहाटे ते कपडे दगडावर आपटून, खळबळून तो वाळूवर पसरी. उन्हाने कापड आणखी उजळते, म्हणून ती वाळवणे एकदा पालथी करावी लागत.

तात्याला अक्षरओळख नव्हती. तरी तीस-चाळीस घरांचे कपडे एका भट्टीतून काढून तो ज्याचे त्याला बिनचूक देई. त्याची युक्ती बिब्ब्याची होती. बिब्बा सुईने टोचून त्याचा रस तो कपड्याच्या कोपऱ्यावर लावी आणि त्यावर चुना फाशी. ती खूण काळीभोर होई आणि कितीही धुतली तरी जात नसे. कोणाला दोन ठिपके, कोणाला फुली, कोणाला उभी रेघ आणि तिच्याखाली ठिपका. आमच्या घराची खूण तीन ठिपक्यांची होती. ही एक लिपीच होती. ती लिहिणारा आणि वाचणारा गावात तो एकटाच. बिब्ब्याचा रस कातडीवर पडला तर फोड येतात. तात्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर असे जुने डाग कायम असत.

लग्नात वरातीच्या वाटेवर पायघड्या अंथरण्याचा मान परिटाचा. ज्याच्या हातून गावाची मलिन वस्त्रे धुतली जातात त्याच्याकडे हा मान असावा, यामागे जुन्या लोकांचा काय विचार होता कोण जाणे. परंतु मान देणारे हेच गाव एरवी त्याला ओसरीच्या खालीच उभे करी, हेही मी पाहिले आहे. संत गाडगे महाराज याच परीट समाजात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मले. त्यांनी अंगावर जन्मभर ठिगळांचे वस्त्र वागविले आणि हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडून काढली. तात्याच्या घरात देवांच्या शेजारी त्यांची तसबीर होती. आज घरोघरी धुण्याची यंत्रे आली आणि भट्टी विझली. 'परीटघडी' हा शब्द तेवढा भाषेत राहिला आहे, आणि तो वापरणाऱ्या पुष्कळांनी परिटाने घातलेली घडी पाहिलेली नाही.

वर्षातील सर्वांत मोठे धुणे घटस्थापनेपूर्वी असे. घर सारवून झाले की सगळ्या वाकळा, गोधड्या, अंथरुणे बैलगाडीत घालून नदीवर न्यावयाची. भाद्रपदाअखेर नदीला थोडे तरी वाहते पाणी असे. भिजलेली वाकळ एका माणसास उचलत नाही. दोन टोकांना दोघींनी उभे राहून ती पिळावी लागे, आणि पिळता पिळता माहेरची गाणी चालत. संध्याकाळी परत येताना सबंध वाळवंट रंगीबेरंगी चौकोनांनी भरलेले दिसे. त्या दिवशी आम्हांला शाळा नको वाटे, आणि गुरुजीही हजेरी फार कडक घेत नसत. त्यांच्याही वाकळा तेथेच वाळत असत.

१९७२ च्या भाद्रपदात हे धुणे झाले नाही. १९७१ चा पाऊस बेताचा झाला होता. १९७२ चा जवळजवळ झालाच नाही. मी तेव्हा पाचवीत होतो. नदीतील झरे प्रथम हातभर, मग पुरुषभर खोल गेले आणि उन्हाळ्यात त्यांत नुसती वाळू राहिली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. मुलांना सुकडी मिळे. घरात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी होत. मागेल त्याला काम देण्याचा जो कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्याच्यामागे या दोन वर्षांचा अनुभव होता.

आई पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. दिवसभर मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहावयाच्या आणि रात्री घरी यावयाचे. पिण्याचे पाणी टँकरने येई. माणशी जे मिळे त्यात धुण्याचा वाटा नव्हता. अंघोळीचे पाणी परातीत उभे राहून घ्यावयाचे, परातीतले पाणी कपडे बुचकळण्यास वापरावयाचे, आणि तेच शेवटी दारातल्या शेवग्याला घालावयाचे, असा क्रम आजीने लावून दिला होता. त्या गढूळ पाण्याने कपडे ओले होत, स्वच्छ होत नसत. घामाचा क्षार सुतात तसाच राहतो आणि धुळीचे बारीक कण धाग्यांना आतून कापतात. एरवी जे लुगडे पाच वर्षे टिकावयाचे, ते त्या एका वर्षात विरून गेले. पाण्याच्या दुष्काळाने कापडाचाही दुष्काळ आणला होता, आणि नवे घेण्यास घरात पैसा नव्हता.

आईजवळ दोन लुगडी होती. एकाचे फाटून धडपे झाले होते. दुसऱ्याला होळीच्या सुमारास तिसरा दंड पडला आणि वैशाखात ते पुन्हा विरले. आता चौथा दंड घालावा तर लुगडे सात वारांच्या खाली येत होते. त्या दिवशी सकाळी कामावर निघण्याची वेळ झाली तरी आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. एक दिवस खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तिच्याबरोबर मिळणारे धान्य बुडाले. वडिलांनी ओसरीवरून दोनदा हाक मारली. आजी आत गेली. तिने काही विचारले नाही. एकवार आईकडे पाहिले आणि कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली.

त्या पेटीत कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवलेले एक हिरवे इरकली लुगडे होते. तांबडा पदर आणि रुंद काठ. एका वर्षी बाजरी चांगली पिकली तेव्हा आबांनी ते सिद्धनाथाच्या यात्रेत आजीसाठी घेतले होते. आजीने ते एकदाही नेसले नव्हते. नवऱ्याच्या आधी अहेवपणी मरण यावे, आणि शेवटच्या दिवशी अंगावर हिरवे लुगडे असावे, ही त्या पिढीतील बायकांची इच्छा असे. ते लुगडे त्या दिवसासाठी होते, आणि हे घरातील सर्वांस ठाऊक होते. दर वर्षी आजी पाला बदले, लुगड्यास ऊन दाखवी आणि पुन्हा तशीच घडी घाली.

आजीने ते काढून आईपुढे ठेवले.

"आत्या, ह्ये न्हाई," आई म्हणाली. "ह्ये तुमचं हाय."

"माजंच हाय म्हनून देती," आजी म्हणाली. "मेल्यावर नेसायचं म्हनून जित्याला उघडं ठिवायचं व्हय? ऊठ. ऊन व्हायच्या आत जा."

आबा ओसरीवर दोर वळीत बसले होते. मध्ये फक्त एक भिंत होती, तेव्हा त्यांना सारे ऐकू गेले असले पाहिजे. त्यांनी मान वर केली नाही. हातातला दोर मात्र थोडा वेळ थांबला.

आई हिरवे लुगडे नेसून मातीकामावर गेली. खणातून काढल्यासारख्या नव्या, करकरीत लुगड्यात पाट्या वाहणारी ती त्या कामावर एकटीच असावी. बायकांनी तिला विचारले असेल, तिने काही सांगितलेही असेल. घरी त्याविषयी बोलणे झाले नाही. संध्याकाळी आजीने पिण्याच्या पाण्यातून एक तांब्या वेगळा काढला, लुगड्याचा मातीने भरलेला काठ तेवढा धुतला आणि ते सावलीत वाळत घातले. त्या उन्हाळ्यात रोज हा एक तांब्या आजीच्या वाट्यातून निघे, हे माझ्या बहिणीच्या प्रथम लक्षात आले.

१९७३ च्या पावसाळ्यात पाऊस झाला. झरे भरले, आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेच्या धुण्याला दोन वर्षांचा मळ नदीत गेला. लुगड्याचे पुढील आयुष्य इतर लुगड्यांसारखेच झाले. १९७५ मध्ये त्याला पहिला दंड पडला. १९७७ साली आबा वारले. आजीच्या इच्छेप्रमाणे काही घडले नाही. दिवस झाल्यावर शेजारची एक म्हातारी आजीजवळ बसावयास आली होती. तिने त्या हिरव्या लुगड्याची आठवण काढून उसासा टाकला. आजी म्हणाली, "मला आता हिरवं काय करायचं हुतं? पेटीत कसर लागली असती. सुनंच्या अंगाला लागलं, बरं झालं." आणि ती शेंगा फोडू लागली. पुढे सात वर्षांनी ती गेली तेव्हा वडिलांनी बाजारातून साधे पांढरे लुगडे आणले.

हिरव्या लुगड्याचे धडपे झाले, त्यातून धाकट्या बहिणीचा परकर निघाला, आणि उरलेले आईने वाकळेत घातले. वाकळ शिवण्याचे काम उन्हाळ्यात चाले. जमिनीवर जुनी धोतरे, लुगडी, सदरे थरावर थर पसरावयाचे, वरचा थर त्यांतल्या त्यात धड कापडाचा घ्यावयाचा, आणि चारी कडांकडून आत येत जाड सुईने धावदोरा घालावयाचा. एका वाकळेत घरातील सर्वांचे कपडे येत. त्या वाकळेत वडिलांचे धोतर होते, माझा पाचवीतला सदरा होता, आबांच्या पटक्याचा तुकडा होता. आणि एका कोपऱ्यात बिब्ब्याचे तीन ठिपके असलेले एक चौकोनी फडके होते.

ती वाकळ माझ्याकडे आहे. ती धुण्याच्या यंत्रात मावत नाही. मावली तरी तेथे तिचे सूत टिकणार नाही. म्हणून घटस्थापनेच्या आधी आम्ही दोघे, मी व माझी पत्नी, ती गच्चीवर कोमट पाण्यात भिजवतो आणि दोन टोकांना उभे राहून हलक्या हाताने पिळतो. वरचा हिरवा थर आता मातकट झाला आहे. गेल्या वेळी धुताना एका कडेचा दोरा तुटला आणि शिवण हातभर उसवली. तेथे आत दुमडलेली दोन बोटे रुंद पट्टी बाहेर आली. तिच्यावर ऊन कधी पडले नव्हते. ती हिरवीगार होती. पत्नीने ती पुन्हा आत दुमडली आणि जुन्याच भोकांतून नवा दोरा घातला.